रुखवतातलं मशीन

व्याही जेवायला यायचे त्याच सकाळी मशीन बंद पडलं, आणि नवरदेवाच्या आईचं, सानोबरचं, म्हणणं असं की ते मुद्दाम पडलं. पडायचं तर रिकाम्या पोटी पडावं, तेही नाही. आत काठोकाठ पाणी, पाण्यात आज जेवायला अंथरायचा भरतकामाचा दस्तरखान, जसुरचं लग्नातलं जाकीट आणि घरातल्या पुरुषांचे बाकीचे कपडे. दार घट्ट बंद. दस्तरखानाचं एक टोक काचेला चिकटून बाहेर बघत होतं, आणि वरच्या पट्टीवर एक अक्षर नि दोन आकडे लुकलुकत होते.

हमदम उस्ता अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली सोरीवर, म्हणजे लाकडी बैठकीवर, पाय दुमडून बसले होते. हातात हिरव्या चहाचा पियाला होता आणि तोंडावर दुसऱ्याच्या घरी आग लागल्यासारखी शांतता. हे मशीन नातसुनेच्या रुखवतातलं होतं. लग्नाला अजून चाळीस दिवसही झाले नव्हते. ते आलं होतं तिच्या वडिलांच्या, म्हणजे एर्गाशबोयच्या दुकानातून, आणि कोकंदच्या बाजारात एर्गाशबोयच्या दुकानाइतकं झगमगणारं दुसरं दुकान नव्हतं. उस्तांना आज सकाळी चहा फार गोड लागत होता, साखर नसताना.

त्याला कारण होतं. घराची रस्त्याकडची खोली हे उस्तांचं, म्हणजे वस्तादांचं, दुरुस्तीचं दुकान. रेडिओ, टीव्ही, फ्रिज, इस्त्र्या, मोठमोठे स्टॅबिलायझर, ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं त्या खोलीत येऊन बरं होऊन गेलं होतं. अलीकडे मात्र येणारं फारसं काही नव्हतं. जे आलं ते न्यायला कोणी येत नव्हतं, कारण तोवर घरात नवं आलेलं असायचं. तर त्या खोलीला काचेचं तोंड लावायचं, छताला दिवे बसवायचे आणि एर्गाशबोयच्या दुकानाची शाखा तिथे काढायची, असं दोन्ही व्याह्यांचं ठरलं होतं. आज ओश, म्हणजे पुलाव, जेवून झाला की त्यावर फातिहा व्हायची. घरातल्या वडीलधाऱ्याने हात वर करून दुवा मागितली, सगळ्यांनी ओमिन म्हणून तोंडावरून हात फिरवला, की मग त्यात बदल नाही. या गल्लीत लग्नंसुद्धा तशीच ठरतात आणि ठरली की मोडत नाहीत.

उस्तांना ही बातमी त्यांच्या मुलाने, कोझिमने, चहा ओतता ओतता दिली होती, पोराला सुई टोचायच्या आधी इकडचं तिकडचं बोलतात तशी. उस्ता हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. कोझिमने ते हो म्हणून धरलं होतं.

कोझिमचंही चुकत नव्हतं. बिचारा टॅक्सी चालवायचा. कामचिकचा घाट चढून ताश्कंदला माणसं पोचवायची आणि तोच घाट उतरून परत यायचं, यात त्याची पाठ कामातून गेली होती. त्याला एक खुर्ची हवी होती. पाठीला टेकायला मिळेल आणि समोर गिऱ्हाईक येईल अशी खुर्ची. बापाच्या दुकानात खुर्ची नव्हती, स्टूल होतं.

आता घरातले सगळे मशीनभोवती जमले होते. कोझिमच्या मुलाने जसुरने, म्हणजे नवरदेवाने, पहिला उपाय केला. तो घरात बसून ताश्कंदच्या कुठल्याशा कंपनीसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. त्याने मशीनची वायर काढली, श्वास रोखून थांबला आणि परत लावली. आकडे पुन्हा लुकलुकायला लागले.

"तुझ्या कॉम्प्युटरला चालतं ते याला चालत नाही का रे?" सोरीवरून उस्तांनी चौकशी केली.

मग कंपनीच्या माणसाला फोन लागला. त्याने मोबाइल पट्टीसमोर धरायला सांगितला, आकडे बघितले आणि ताश्कंदला बसल्या बसल्या निदान केलं. आतली सर्किटची प्लेट गेली आहे, बदलावी लागेल, प्लेट बाहेरून येते, महिना लागेल. आणि मागच्या बाजूचं सील कोणी तोडायचं नाही. सील तुटलं की हमी गेली.

कोझिम म्हणाला, त्यापेक्षा गाडीत घालून व्याह्यांच्या दुकानात टाकून येतो, दुसरं घेऊन येतो, ते यायच्या आत कोणाला पत्ता लागणार नाही. हे ऐकून सानोबरने तोंडावर हात ठेवला.

"चाळीस दिवसांचा चिल्ला संपला नाहीये अजून," ती म्हणाली. "चिल्ल्यात केलिनचं, नव्या सुनेचं, सामान उंबऱ्याबाहेर गेलं की मागोमाग केलिन जाते. उद्या गल्ली म्हणेल, सानोबरने सून परत धाडली, सुरुवात मशीनपासून केली."

हा नियम कुठल्या किताबात लिहिलेला नव्हता. पण सानोबरच्या आईने तो सांगितला होता, तिच्या आईने तिला, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला तो ठाऊक होता. म्हणजे मशीन बाहेर नेता येत नव्हतं आणि आत उघडता येत नव्हतं. घरात ठेवून त्याच्याकडे बघता तेवढं येत होतं.

शेवटी कोझिमने मान खाली घालून बापाला हाक मारली. उस्ता सावकाश उठले. गुडघे मोजून घेतल्यासारखे एकेक सरळ केले. मशीनपाशी येऊन त्यांनी तळहात त्याच्या अंगावर खालच्या बाजूला टेकवला आणि जसुरला बटण दाबायला सांगितलं. मशीन हुंकारलं, थरथरलं आणि गप्प झालं. प्लेटला काही धाड भरली नव्हती. पाणी फेकणारा पंप फिरायला बघत होता आणि त्याच्या पंखात काहीतरी टणक अडकलं होतं. उस्तांच्या हाताला ते तेवढ्यात कळलं.

"वाईट झालं," ते म्हणाले आणि परत सोरीकडे निघाले.

"बाबा, बघा ना जरा."

"मी कसा हात लावू रे? सील आहे. हमी जाईल," उस्ता म्हणाले. एवढं निरागस तोंड त्यांनी आयुष्यात क्वचितच केलं असेल.

थोड्या वेळाने ते आपल्या दुकानात जाऊन बसले. अंगणाकडच्या दाराने नातसून मफ्तुना चहाची किटली घेऊन आली. नव्या केलिनने करायचा तसा तिने छातीवर हात ठेवून सलाम केला, किटली ठेवली आणि गेली नाही.

"बोबोजान, तुम्हाला कळलंय त्याला काय झालंय ते."

"कशावरून?"

"परत जाताना तुम्ही हसलात."

उस्तांनी तिच्याकडे नीट बघितलं. या पोरीला सलाम करण्यापलीकडे काही येतं हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की वडिलांचं दुकान इथे यायचंय तर तिचं तोंड आठवडाभर असं का आंबलंय. मफ्तुनाने आधी दाराबाहेर बघून घेतलं.

"माझे वडील रोज त्या भिंतीपलीकडे बसणार. इकडे सासूबाई, आयाजान, म्हणणार, शोरब्यात मीठ जास्त झालं. ते त्यांना ऐकू जाणार. संध्याकाळी घरी जाऊन ते आईला सांगणार. दुसऱ्या दिवशी आई येणार, मीठ कसं घालायचं ते दाखवायला. मग आयाजान महिनाभर बोलणार नाहीत." तिने किटलीचं झाकण नीट बसवलं. "बोबोजान, मी सासरी आले की दुकानासकट आले?"

उस्ता इतके हसले की त्यांना पियाला खाली ठेवावा लागला. घरात आपल्या बाजूचं कोणी नाही असं ते आठवडाभर धरून बसले होते, आणि बाजू निघाली ती प्रत्यक्ष व्याह्याच्या घरातून आलेली. त्यांनी तिला सांगितलं की तिचे वडील येईपर्यंत मशीनला कोणाला हात लावू द्यायचा नाही. ज्याचं मशीन त्याच्यासमोरच ते उघडायचं, आणि मग बघू शाखा कोण काढतं ते.

दुपारी व्याही आले. एर्गाशबोय पोट पुढे करून, त्याची बायको ओयनिसा हातात गरम पातीर रोट्यांची टोपली घेऊन. गळाभेटी झाल्या, तब्येती विचारून झाल्या, मग त्याच तब्येती दुसऱ्यांदा विचारून झाल्या. सोरीवर शेजारणीकडून आणलेला दस्तरखान अंथरला होता. ओयनिसाने त्याची कड दोन बोटांत धरून बघितली.

"आम्ही दिलेला दिसत नाही तो, कुदाजान?" तिने विहिणीला विचारलं.

"धुवायला टाकलाय," सानोबर गोड आवाजात म्हणाली. "तुमच्याच मशीनमध्ये. सकाळपासून धुतंय. इतकं मन लावून धुणारं मशीन आम्ही बघितलंच नव्हतं."

रुखवत मांडलं होतं त्या दिवशी ओयनिसाने या मशीनचे गुण सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवले होते. सानोबरने ते एकेक गिळून ठेवले होते. आज व्याज वसूल करताना तिचा चेहरा कसा उजळला होता. गंमत म्हणजे काचेचं दुकान व्हावं ही इच्छा घरात सगळ्यात जास्त तिलाच होती, पण ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

एर्गाशबोयने आधी हात झटकले. असं होतं एखादं, उद्या दुसरं पाठवतो, म्हणाला. ओयनिसाने त्याची बाही ओढली आणि कानात काहीतरी सांगितलं. चिल्ला हा शब्द सगळ्यांना ऐकू आला. मग तो म्हणाला कंपनीच्या माणसाला बोलवा. कोझिमने महिन्याची गोष्ट सांगितली.

"मग कुदा, तुम्हीच बघा ना," उस्ता व्याह्याला म्हणाले. "तुमचं दुकान, तुमचं मशीन. तुमचा हात लागला तर सील तोडलं असं तुम्हाला कोण म्हणेल?"

पाहुण्याला वडीलधाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलेलं मोडता येत नाही. एर्गाशबोयने बाह्या सारल्या. तो मशीनभोवती फिरला, वाकला, मागे जाऊन आला. दुसऱ्याची गाय बघायला आलेला माणूस फिरतो तसा फिरला. बटणं दाबली. एका बाजूला थाप मारली. कपाळावर घाम आला तेव्हा त्याने सरळ उभं राहून कबूल केलं.

"आम्ही विकतो, उस्ता. दुरुस्त कोण करतं आजकाल? बिघडलं की बदलायचं."

"चिल्ल्यात?" उस्तांनी विचारलं.

ओयनिसा गोरीमोरी झाली. हीच वेळ होती. उस्तांनी जसुरकडून जुनी परात आणि फडकं मागवलं आणि उशीवर टेकत मशीनसमोर बैठक मारली. त्यांना राहवेना. एवढी बघणारी मंडळी त्यांच्या हाताभोवती बऱ्याच वर्षांत जमली नव्हती. त्यांनी आधीच निकाल जाहीर करून टाकला.

"यात नाणं आहे. लग्नात वधूवरांवर सोचकी उधळली, तेव्हा लोकांनी गोळ्या-बत्तासे उधळले. नाणी कोणी उधळली? कुदांनी. मुठीमुठीने. त्यातलं एक जसुरच्या जाकिटात बसलं आणि आज पंपात गेलं. तुमचं मशीन तुम्हीच बंद पाडलंत, कुदा."

मग त्यांनी मशीनच्या पुढच्या बाजूला, अगदी खाली, नखाने एक चौकोनी झडप उघडली. आत मुठीएवढं गोल झाकण होतं. सकाळपासून ज्या सीलवरून घर डोक्यावर घेतलं होतं ते मागे होतं, आणि हे झाकण कोणीही उघडावं म्हणून पुढेच ठेवलेलं होतं. उस्तांनी ते फिरवलं. भसकन पाणी आलं. परात भरली, फडकं भिजलं, जसुरची पँट भिजली आणि एर्गाशबोयचे नवे बूट वाचता वाचता राहिले.

पाणी ओसरल्यावर उस्तांनी हात घातला, आणि तो जाईना. बोटांची पेरं गाठी येऊन जाड झाली होती. पूर्वी ज्या हाताने घड्याळाच्या पोटात शिरायचे तो हात आता या भोकाशी अडला. त्यांनी दुसरा हात लावून बघितला, तोही तसाच. सगळे बघत होते. मफ्तुना न विचारता त्यांच्या शेजारी बसली, बाही वर केली आणि हात आत घातला.

ती चाचपडत राहिली. मग तिचा चेहरा थांबला. तिने मूठ बाहेर काढली आणि इतरांकडे पाठ होईल अशी वळून उस्तांसमोर उघडली.

पितळी नट होता. जुन्या स्टॅबिलायझरचा. असे नट अख्ख्या कोकंदमध्ये एकाच माणसाच्या खिशात असायचे. सकाळी घरातल्या पुरुषांचे कपडे म्हणून जे धुवायला गेलं त्यात उस्तांचा कामाचा कोट होता, आणि उस्तांनी खिसा रिकामा केला नव्हता.

आत्ताच, सगळ्यांच्या देखत, त्यांनी व्याह्याच्या नाण्यावर भाषण ठोकलं होतं. आता हा नट दस्तरखानावर ठेवला की दुकान तर जाईलच, वर गल्लीतली पोरंसुद्धा सांगत सुटतील की म्हाताऱ्याने बंद पाडलं आणि म्हाताऱ्यानेच निदान केलं. त्यांनी मफ्तुनाकडे बघितलं. एवढं लाचार होऊन त्यांनी कोणाकडे बघितलं नव्हतं.

मफ्तुनाने मूठ मिटली. दुसऱ्या हाताने ओढणीचं टोक सावरल्यासारखं केलं आणि मग सगळ्यांकडे वळली.

"नाणं," ती म्हणाली.

तिच्या तळहातावर सोचकीतलं नाणं चमकत होतं. बरकतीसाठी चार नाणी चिल्ला संपेपर्यंत ओढणीच्या गाठीत बांधून ठेव असं तिच्या आईनेच बजावलं होतं. त्या गाठीतलं एक आता कमी झालं होतं. पाण्यातून आलेलं नाणं कोरडं कसं, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

झाकण बसलं, बटण दाबलं, पाणी घळाघळा वाहून गेलं आणि मशीन धडधडत फिरायला लागलं. आता एर्गाशबोय खजील होईल म्हणून उस्ता आणि सानोबर दोघेही टपून बसले होते. तो खजील झाला नाही. त्याने नाणं हातात घेऊन उलटसुलट केलं आणि खूश झाला.

"बघितलंत? मशीन थांबवलं याने. लोक उधळतात ती गोळीच्या चंदेरी कागदासारखी हलकी नाणी असती तर नुसती वाहून गेली असती. मी कधी हलकं उधळत नाही."

सानोबरचा चेहरा पडला. उस्तांना मनात मान्य करावं लागलं की हा माणूस बाजारात उगाच वर आलेला नाही.

ओश झाला. परातीतला भात एकत्र बसून खाताना भांडण करता येत नाही, त्यामुळे खाऊन होईपर्यंत सगळे गोड बोलले. मग हात पुसता पुसता एर्गाशबोयने शाखेचा विषय काढला, आणि या वेळी त्याचा आवाज दुकानदाराचा नव्हता.

"उस्ता, आज तुम्ही लाज राखलीत. पण एक सांगा. उद्या ते नाणं कोण काढेल? कोझिमअका गाडी चालवतात. जसुरला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत नाही, त्याच्यासमोर म्हणतो, माझा जावई आहे तरी. तुमच्यामागे ते दार बंदच होणार आहे. मी उघडं ठेवायचं म्हणतोय."

उत्तर कोझिमने दिलं, आणि ते बापाला दिलं.

"मी बसलो होतो की त्या स्टुलावर, लहान असताना. एक दिवस बाबांनी माझ्या हातातून स्क्रू फिरवायचा पेचकस हिसकावला आणि म्हणाले, तुझ्या हाताला डोळे नाहीत. मी पण म्हटलं, ठीक आहे. मग गाडी शिकलो." तो हसला, पण पाठ सावरत हसला. "बाबा, फातिहा करा आता. चहा थंड होतोय."

उस्तांना भीती वाटली, साधी, उघडी भीती. दुकान जाईल याची नव्हे, तर हे सगळे खरं बोलत आहेत याची. खोली त्यांची होती, हत्यारं त्यांची होती, आणि त्यांच्या स्टुलावर बसायला या घरात कोणी नव्हतं, कारण बसणाऱ्याला त्यांनीच उठवलं होतं. सगळ्यांनी तळहात पुढे धरले होते. मफ्तुनानेसुद्धा, खालच्या टोकाला, चहाच्या किटल्यांशेजारी बसून. तिच्या उजव्या तळव्यावर अजून पंपातल्या काळ्या चिकट्याचा डाग होता.

उस्तांनी हात वर केले.

"परवरदिगार," त्यांनी सुरुवात केली, "या दस्तरखानाला बरकत दे. जसुर आणि मफ्तुनाच्या संसाराला नजर लागू देऊ नको. सानोबरच्या हाताला चव दिलीस तशी तिच्या जिभेला साखर दे. ओयनिसाबाईंचे गुडघे बरे कर."

सगळे हूं हूं करत होते. दुवा लांबली की लोक अर्धं ऐकतात, हे उस्तांना ठाऊक होतं. त्यांनी ती आणखी लांबवली. गेलेल्यांची नावं घेतली, शेजाऱ्यांची घेतली, हवामानाचं बघितलं. ओयनिसाने सवयीने डोळे पुसले. जसुरचे डोळे मिटायला लागले. आवाजात तसूभर फरक न करता उस्ता पुढे गेले.

"माझ्या कोझिमच्या पाठीवर दया कर. एर्गाशबोयच्या धंद्याला भरभराट दे, बाजारात जिथे आहे तिथेच दे, आणि त्याला गल्ल्यावर भरवशाचा माणूस हवा असतो तो कोझिमच्या रूपाने दे, खुर्चीसकट दे. या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत जे काम चालत आलं ते तिथेच चालू ठेव. चिल्ला संपल्यावर माझी नातसून मफ्तुना तिथे माझ्यासमोर शिकायला बसेल, तिच्या हाताला यश दे. ओमिन."

"ओमिन," सगळे म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवला. एर्गाशबोयचा आवाज सगळ्यात मोठा होता. मफ्तुनाचा त्याच्या खालोखाल.

मग सांगितलेलं एकेकाच्या डोक्यात उतरायला लागलं होतं.

"मफ्तुना कुठे बसेल म्हणालात?" सानोबरने विचारलं.

"बाबा, हे काय केलंत?" कोझिम म्हणाला, पण खुर्चीचा शब्द त्याच्या मनात कुठेतरी बसला असावा, कारण तो म्हणावा तितका रागावला नाही.

"मी काय केलं? मी मागितलं. ओमिन तुम्ही म्हणालात," उस्ता म्हणाले आणि पियाला पुढे केला.

सानोबर म्हणायला लागली की केलिन दुकानात बसली तर भांडी कोण घासेल. ओयनिसा म्हणायला लागली की आमच्या मुलीचे हात काळे करायचे का. म्हणजे दोन्ही विहिणी सकाळपासून पहिल्यांदाच एका बाजूला आल्या, आणि हे लक्षात येताच दोघी जरा चपापल्या. एर्गाशबोय बराच वेळ उस्तांकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं.

"उस्ता," तो हसत म्हणाला, "तुम्ही विकायला बसला असतात तर मी उपाशी मेलो असतो." त्याने कोझिमच्या खांद्यावर हात टाकला आणि बाजारातल्या दुकानाला खरंच एक माणूस हवा आहे का, यावर दोघांची बोलणी सुरू झाली. फातिहा झालीच होती. ती मोडणारा माणूस उद्या बाजारात कोणाशी सौदा करणार होता?

व्याही गेल्यावर मफ्तुना पियाले गोळा करायला आली. मागे दोरीवर भरतकामाचा दस्तरखान वाळत होता. तिने सलाम केला नाही.

"मला विचारलं नाहीत, बोबोजान."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हणाले असते."

"म्हणून."

ती हसली नाही. तिने बाहीतून पितळी नट काढला आणि दोन बोटांत धरला. उस्तांनी घ्यायला हात पुढे केला, तशी तिने तो मागे घेतला.

"हा माझ्याकडे राहील. आयाजानना अजून माहीत नाही. माझ्या वडिलांनाही नाही." मग ती सोरीच्या कडेला बसली, नट तळहातावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. "परवरदिगार, माझ्या हातून काहीही मोडलं, जळलं, हरवलं, तरी बोबोजान माझ्या हातातून पेचकस हिसकावून घेणार नाहीत."

ती थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"एकदाही?" उस्तांनी विचारलं.

"एकदाही."

उस्तांनी विचार केला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ अवघड कामं अंगावर घेतली होती, पण एवढं अवघड काम कोणी त्यांच्यापुढे आणून ठेवलं नव्हतं. अंगणात कोझिम पाठीला उशी लावून खुर्चीची स्वप्नं बघत पडला होता. उस्तांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, मग गाठी आलेले आपले दोन्ही हात वर उचलले.

"ओमिन," ते म्हणाले, आणि तोंडावरून हात फिरवायला त्यांनी जरा वेळ लावला.